आमचा पत्ता एकच

दि. ४ डिसेंबर

चि. ठिणगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझ्या कारखान्याने भेट म्हणून पाठवलेल्या टॉवेलाविरुद्ध मला रीतसर तक्रार नोंदवायची आहे. टॉवेल हे वस्त्र आहे की वाङ्मय, याचा निर्णय तू एकदा करून टाक. मागच्या वर्षी आपल्या वेबसाइटचा पत्ता एका कोपऱ्यात होता, तो मी सहन केला. यंदा तो मधोमध, जाड दोऱ्याने, या टोकापासून त्या टोकापर्यंत विणला आहे. अंग पुसले की पाठीवर उमटतो. तुझी वहिनी म्हणते, उलटा उमटतो, त्यामुळे जाहिरात म्हणूनही उपयोग नाही. परवा गच्चीत वाळत घातला, तर समोरच्या इमारतीतल्या गृहस्थांनी खिडकीतून खाणाखुणा करून गिझरची किंमत विचारली. मी संस्कृत शिकवतो, गिझर विकत नाही, हे खाणाखुणांनी कसे सांगावे ते मला अजून सुचलेले नाही.

पत्त्याला माझा विरोध नाही, हे तुला माहीत आहे. बाबांनी तो निवडला तेव्हा मी समोरच बसलो होतो. सूत्र कसे असावे हे मी वर्गात तासभर सांगतो, ते त्यांनी एका वाक्यात उरकले होते. म्हणाले, चालत्या गाडीतून वाचता आला पाहिजे आणि एका श्वासात सांगता आला पाहिजे. मग तो डिलिव्हरीच्या गाड्यांच्या पाठीवर हातभर अक्षरांत रंगवला, कारण मागे अडकलेल्या माणसाला वाचण्यावाचून दुसरे कामच नसते. पुढे त्या भामट्याने आपल्यासारखाच पत्ता काढून लोकांना फसवले, तेव्हा पत्त्याखाली घालायला एक ओळ तू माझ्याकडून लिहून घेतलीस: 'आमचा पत्ता एकच. दुसरा दिसला, तर ते आम्ही नव्हे.' माझ्या आजवरच्या लेखनात एवढी वाचली गेलेली ओळ दुसरी नाही. प्रबंध चौघांनी वाचला, त्यातले दोघे परीक्षक.

आता कामाचे. कालच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर तळाला एक चौकोन पाहिला. गिझरबद्दल 'महत्त्वाची सूचना', मुंगीएवढी अक्षरे, आणि खाली भलताच लांबलचक पत्ता. आपल्या कारखान्याचे नाव कोपऱ्यात कुठेतरी घुसडले आहे, पण आपली ज्योतीची खूण नाही. म्हणजे भामटा पुन्हा उगवलेला दिसतो. मी ताबडतोब स्टाफरूममध्ये सगळ्यांना सावध केले, ग्रंथपालांना केले, आमच्या इमारतीच्या जिन्यातल्या फळ्यावर खडूने लिहिले. मुलांनाही सांगितले की घरी जाऊन सांगा. आपले ड्रायव्हरकाका गाडी घेऊन इकडे आलेच आहेत, त्यांच्या हाती हे पत्र आणि कात्रण देतो. बघ आणि त्याचा बंदोबस्त कर.

तुझ्या फोनला दिवसभर दुसरेच कोणीतरी चिकटलेले असते, म्हणून हे लिहिणे. लोभ आहे तसाच ठेव. टॉवेल मात्र साधा पाठव.

तुझा,
दादा


दि. ५ डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

कात्रण मिळाले. भामटा मीच आहे.

आधी उठून तो फळा पूस. मग पुढचे वाच.

ऑगस्टनंतर बनवलेल्या आपल्या गिझरांत दोष निघाला आहे. गॅस जळताना खोलीतली हवा कमी पडली, तर ज्योत आपोआप विझवणारा एक छोटा भाग आत असतो. बाबा त्याला गिझरचे नाक म्हणायचे. तो भाग मी नव्या पुरवठादाराकडून घेतला, आणि त्यातली बरीच नाके चोंदलेली निघाली. खिडकी बंद असली तर ज्योत तशीच जळत राहते आणि बाथरूममध्ये विषारी वायू साठतो. त्याला ना वास, ना रंग. आधी डोके जड होते, मग माणूस बसल्या जागी झोपतो. गेल्या आठवड्यात एका घरी आई आणि मुलगी अशा सापडल्या. शेजारणीने दार फोडले म्हणून वाचल्या. मी इस्पितळात जाऊन आले. त्या मुलीने मला डॉक्टर समजून, घरी कधी सोडणार, असे विचारले. मी कोण ते मला सांगता आले नाही.

निम्म्याहून जास्त गिझर दुकानांतून थेट विकले गेले. ते कुणाच्या घरी आहेत, आम्हाला ठाऊक नाही. त्यामुळे सूचना देण्याशिवाय मार्ग नाही, आणि ती लोकांनी वाचली पाहिजे. तिथे आपला जाहिरातवाला आला. त्याचे म्हणणे असे की ही गोष्ट आपल्या पत्त्यावर टाकू नका. थंडीचा हंगाम आहे, लोक आपला पत्ता उघडतात ते गिझर घ्यायला. उघडल्या उघडल्या मरणाची गोष्ट वाचली तर उद्यापासून कारखान्याला कुलूप. म्हणून त्याने सूचनेपुरता एक वेगळा पत्ता घेतला. त्यात आपल्या नावाचा मागमूस नाही. ज्योतीची खूणही त्यानेच काढली, म्हणे खुणेला डाग लागायला नको. लोकांनी त्या पत्त्यावर जाऊन गिझरवरचा नंबर द्यायचा, की आपला फिटर घरी जाऊन भाग बदलून देतो. ज्यांचे फोन नंबर होते त्यांना फोन करायला मुली बसवल्या. मला सगळे पटले. घाबरलेल्या माणसाला इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाचे फार लवकर पटते, दादा.

पण लोक येत नाहीत. येतात ते कोण, तर ज्यांना आपले नावही धड आठवत नाही असे. बाबांच्या वेळची जुनी गिऱ्हाइके मात्र फोनवर मुलींना झापतात आणि फोन आपटतात. हे असे का, याचा मी आठवडाभर विचार करते आहे. तुझा फळा वाचून अंधुक कळू लागले आहे, आणि मला ते कळायला नको आहे.

टॉवेलाची तक्रार नोंदवून घेतली. वहिनीला नमस्कार सांग. माझ्यावर रागावायचे असेल तर पुढच्या महिन्यात रागाव, आत्ता मला तुझा उपयोग आहे.

तुझी,
ठिणगी


दि. ६ डिसेंबर

चि. ठिणगीस आशीर्वाद.

फळा पुसला. नुसता पुसून भागणार नव्हते म्हणून त्यावर उलट मजकूर लिहिला: सूचना खरी आहे. खाली कोणीतरी संध्याकाळपर्यंत लिहून गेले की हे अक्षर शास्त्रीबुवांचे वाटत नाही.

स्टाफरूममध्ये उभा राहून म्हणालो की परवा मी सांगितले ते चूक होते, तो पत्ता आपलाच आहे. मग आमचे गणिताचे सर अत्यंत सौजन्याने म्हणाले की तुमच्या बहिणीने तुम्हाला हे पत्राने कळवले, पण पत्र तिचेच कशावरून? अक्षर ओळखीचे आहे म्हणालो. तर म्हणाले, आजकाल अक्षराचे काय घेऊन बसलात. त्यांनी आपला गिझर सप्टेंबरात घेतला आहे. मी काकुळतीला आलो. त्यांनी खिशातून तुमच्या कारखान्याचे पेन काढले आणि त्यावरची माझीच ओळ मला वाचून दाखवली. शेवटी मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या सौभाग्यवतींना बाथरूमची खिडकी उघडायला लावली. आता ते मला भिऊन असतात.

तुला जे कळायला नको आहे ते मी लिहून टाकतो. इतकी वर्षे आपण लोकांना एकच धडा दिला, आणि तो गाड्यांवर, भिंतींवर, पेनांवर, माझ्या पाठीवर गिरवून घेतला. लोक नापास झाले असते तर बरे होते. ते पास झाले आहेत. जो जितका आपला, तो तुझी सूचना तितक्या विश्वासाने कचऱ्यात टाकतो आहे. परक्याला पत्ता कुठलाही चालतो, म्हणून परका वाचेल.

उपाय तुलाही दिसतो आहे. सूचना आपल्या पत्त्यावर घाल, पहिल्या पानावर, सगळ्यांत वर. हंगाम बुडेल, ते मला कळते. इस्त्रीच्या कपड्यांना माझा नमस्कार सांग आणि त्यांना विचार की गिऱ्हाईक मेल्यावर ते पुढचा गिझर कुठल्या पत्त्यावर मागवते.

तुझे डोके शांत राहो, एवढीच सध्या मागणी.

दादा


दि. ८ डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

काल दिवसभर बैठक. जाहिरातवाल्याला तुझा प्रश्न विचारला नाही, कारण तो मी स्वतःला विचारत होते. त्याने वेगळाच तोडगा आणला: नव्या पत्त्याची अक्षरे मोठी करू, चौकोन अर्ध्या पानाचा करू, रेडिओवर दोनदा उच्चारू. मी म्हटले, परका माणूस मोठ्याने बोलला म्हणून ओळखीचा होत नाही. तर तो म्हणाला, मॅडम, तुमच्याकडे कामाला किती घरे आहेत ते आधी आठवा. ते मला रोज सकाळी फाटकातून आत येताना दिसते. कोणाच्या मुलीची परीक्षा, कोणाचे घराचे हप्ते, मला तोंडपाठ आहे. फोरमनकाका कोपऱ्यात हातावर हात ठेवून बसले होते. बैठकभर बोलले नाहीत. उठताना म्हणाले, साहेब असते तर त्यांनी बैठक घेतली नसती. बाबांना लोक मानायचे, मला मोजतात.

मी आणखी दोन दिवस मागून घेतले आहेत. मोठ्या अक्षरांचा प्रयोग होऊन जाऊ दे. तुला हे भ्याडपणाचे वाटेल. आहेच.

एक बरे आहे, आत्याची काळजी नाही. तिच्याकडे बाबांनी स्वतः बसवून दिलेला जुना गिझर आहे, तो आपल्या दोघांपेक्षा टिकेल. तिला काही कळवू नकोस. उगाच मला धीर द्यायला निघून येईल आणि कारखान्यात हजेरी घेत बसेल.

त्या मायलेकींना आज घरी सोडले. आई चालते आहे, पण बोलताना शब्द शोधत थांबते. डॉक्टर म्हणतात, होईल हळूहळू.

माया असू दे.

ठिणगी


दि. ५ डिसेंबर

चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र नाही, म्हणजे तुझे संस्कृत आणि तू मजेत असाल. मी ठीक. थंडी यंदा मुलखाची आहे, त्यामुळे अंघोळ दुपारी करते, ऊन असताना. न्हाणीघराच्या खिडकीतून वारा येत होता, तिला जाड कागद चिकटवून टाकला. नवा चष्मा केला, तो मात्र फसला. अंघोळ करून आले की डोके जड होते, परवा तर दाराची चौकट धरून उभी राहिले. नंबरच चुकवला आहे त्या चष्मेवाल्याने. बुधवारी जाऊन त्याला चांगला धारेवर धरणार आहे.

आता एक गंमत सांगते. चोर पुन्हा सुटले आहेत. गेल्या आठवड्यात एका मुलीचा फोन आला, अगदी गोड आवाज. म्हणे तुमच्या गिझरमध्ये दोष आहे, अमुक पत्त्यावर जाऊन त्याचा नंबर द्या. मी म्हटले, बाई, त्या कंपनीची मालकीण माझी भाची आहे आणि त्यांचा पत्ता एकच आहे, तो माझ्या टॉवेलावर आहे. तुला कोणी शिकवले हे धंदे? ती रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी दुसरी. मग मी फोनचे कार्डच काढून टाकले. नवा नंबर घेतला की कळवीन. आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांना गोळा करून मी तुझी ती ओळ पुन्हा म्हणून घेतली, शाळेत घ्यायचे तशी. निवृत्त मुख्याध्यापिकेचा एवढा तरी उपयोग. सगळे म्हणाले, बरे झाले तुम्ही आहात.

ठिणगीला सांगू नकोस, पण तुझ्या बाबांनी बसवलेला जुना गिझर सप्टेंबरात गळायला लागला. तिला कळवले असते तर तिने नवा फुकट पाठवला असता, आणि भाचीच्या धंद्यातले फुकट मला चालत नाही. म्हणून इथल्याच दुकानातून गुपचूप घेतला, हमीच्या कार्डावर फोन नंबर तेवढा दिला. माझा बघून आमच्या अख्ख्या ओळीने तोच घेतला. तिला परस्पर एवढी गिऱ्हाइके मिळवून दिली, तेव्हा माझ्या नावाने एक टॉवेल जास्त पाठवायला हरकत नाही.

ये कधीतरी. सुनेला आशीर्वाद. वरचेवर लिहीत जा, नाहीतर कान धरायला मला तिकडे यावे लागेल.

तुझी,
आत्या


दि. ९ डिसेंबर, सकाळी

ठिणगे,

सोबत आत्याचे पत्र. चार दिवस पोस्टात होते, आत्ता हातात पडले. फोनवर तुला वाचून दाखवले, पण तू मध्येच फोन ठेवलास, म्हणून मूळ पत्र पाठवतो. चष्म्याचा मजकूर पुन्हा वाच. तो चष्मा नाही.

तिचा फोन बंद. तिला गिझर विकणारा दुकानदार गावाला गेला आहे. तिथल्या पोलीस चौकीत फोन लागला, माणूस पाठवतो म्हणाले. मी त्यावर विसंबून राहत नाही. ड्रायव्हरकाकांनी गाडीतले गिझर आमच्या जिन्यात उतरवून ठेवले आहेत आणि खाली हॉर्न देत आहेत. ती दुपारी अंघोळ करते. आम्ही दुपारपर्यंत पोचतो की नाही ते घाटावर अवलंबून आहे.

तू मागितलेल्या दोन दिवसांतला एक आज आहे. मी तुला काही सांगत नाही.

हे तुमच्या फिटरच्या हाती देतो.

दादा


दि. ९ डिसेंबर, संध्याकाळी

ती. दादास नमस्कार.

फोनवर तू नुसते 'ठीक आहे, ठीक आहे' असे ओरडलास आणि रेंज गेली. कोण ठीक, तू का ती? मी 'ती' असे धरून चालले आहे. हे पत्र फिटर घेऊन निघाले आहेत, चौघेजण, सुटे भाग भरून. ओळीतले एकही घर सोडायचे नाही, असे सांगितले आहे.

सकाळी आत्याचे पत्र मी उभ्याने वाचले. मग बैठक घेतली नाही. आपल्या पत्त्यावरचे पहिले पान काढून टाकायला लावले. ती हसरी बाई, ते वाफाळते पाणी, हंगामाची सवलत, सगळे. मजकूर मी लिहिला. तुझ्याकडून लिहून घ्यायला वेळ नव्हता आणि तुझा सुंदर झाला असता. तो असा आहे:

'ऑगस्टनंतर घेतलेला आमचा गिझर आत्ताच्या आत्ता बंद करा. त्याने जीव जाऊ शकतो. चूक आमची आहे. वर्तमानपत्रात दुसऱ्या पत्त्यावर दिलेली सूचना आमचीच होती, तीही आमची चूक. आमचा पत्ता एकच, म्हणून इथे सांगतो आहोत.'

खाली माझे नाव आणि माझा स्वतःचा नंबर.

जाहिरातवाला वाचून म्हणाला की यातले 'जीव' तरी काढा. मी म्हटले, तोच तर वाचवायचा आहे. तो फाईल उचलून गेला. रंगारी दुपारपासून गाड्यांच्या पाठीवर पत्त्याखाली लाल रंगाने 'गिझर बंद करा' असे लिहितो आहे, तुझी ओळ होती तिथेच. विकायला माल नाहीच, म्हणून गाड्या रिकाम्या फिरवणार आहे, बाजारातून, शाळांवरून, जिथे जिथे गर्दी अडते तिथून. मागे अडकलेल्या माणसाला वाचू दे. फोरमनकाका रंगाचा डबा धरून उभे आहेत. ते आज माझ्याशी बोलले, फार काही नाही, रंग सुकायला किती वेळ लागेल ते.

आत्याचे खरे काय ते कळव.

ठिणगी


दि. १० डिसेंबर

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आत्याने माझ्याआधी फोडून वाचले. पाकिटावर माझे नाव होते, असे मी निदर्शनास आणले, तर म्हणाली की घर माझे आहे. यावरून तिची प्रकृती तुझ्या लक्षात यावी. तरी सविस्तर लिहितो.

काल आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून कलले होते. फाटक उघडे, दार आतून बंद. वाजवले, हाका मारल्या, उत्तर नाही. शेजारी झाडांना पाणी घालणारे एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले की बाईंची अंघोळीची वेळ आहे, बसा. मी गिझर हा शब्द उच्चारला मात्र, त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, सकाळी एक शिपाई येऊन गेला, तोही हेच म्हणत होता, त्याच्याकडेही तो दुसराच पत्ता होता. बाईंनी त्याला दारातूनच घालवला.

घराच्या कडेने धावलो. न्हाणीघराची खिडकी कागदाने बंद. आत पाणी पडत होते, आणि पाण्याशिवाय दुसरा कसलाही आवाज नव्हता. मी काचेवर थापा मारल्या. पाण्याच्या आवाजात तिला ऐकू येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माहीत असण्याचा त्या वेळी काही उपयोग होत नाही. मग मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात सिलिंडर दिसला. मी चक्र फिरवले, ते आधी उलटे. पोस्टमास्तरांनी चोर समजून माझी बाही धरली. ड्रायव्हरकाकांनी पोस्टमास्तरांना धरले. अशा अवस्थेत गॅस बंद झाला.

आणि मग काहीच नाही. पाणी पडतच होते. किती वेळ ते मी मोजले नाही.

मग आतून आवाज आला. कुठल्या मेल्याने गरम पाणी बंद केले, असा त्याचा आरंभ होता, आणि पुढे त्या मेल्याच्या खानदानाचा उद्धार होता, जे अर्थात तिचेच खानदान. आयुष्यात मी बरीच स्तोत्रे ऐकली आणि शिकवली. इतके कानाला गोड दुसरे आठवत नाही. मी कोनाड्याजवळ खालीच बसलो. ड्रायव्हरकाका म्हणाले, मास्तर, रडताय काय, आत्याबाई बोलतायत ना.

बाहेर आली ती टॉवेल डोक्याला गुंडाळून, पत्ता बरोबर कपाळावर. मी सगळे सांगितले. तिने ऐकले आणि म्हणाली की तू माझा भाचा आहेस, पत्ता नाहीस, तुलाही कोणी फसवले असेल. एवढे बोलताना तिने पायरीचा आधार घेतला आणि खाली बसली. डॉक्टरांना आणले. ते म्हणाले, खिडकी बंद असताना असेच आणखी काही दिवस चालले असते तर मी वेगळा कागद लिहीत असतो. तरीही ती ऐकेना, आणि ओळीतले लोक फाटकाशी जमून मलाच न्याहाळत होते. संध्याकाळी पोस्टमास्तरांनी आपला फोन काढला. टॉवेलावर बघून बघून एकेक अक्षर दाबत आपला पत्ता उघडला, आणि तुझा मजकूर मोठ्याने वाचला. आत्याने चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग उठली, पोस्टमास्तरांना बरोबर घेतले आणि घरोघर जाऊन, मागच्या बाजूला उभी राहून, एकेक सिलिंडर आपल्या देखत बंद करवला. मला बरोबर येऊ दिले नाही, कारण मला चक्र कुठे फिरवायचे ते कळत नाही.

फिटर आज पोचले, कामाला लागले आहेत. चष्मेवाला थोडक्यात वाचला. आत्या म्हणते, तुझा मजकूर चांगला आहे, पण 'चूक आमची आहे' हे दोनदा आले, आणि दोनदा आले ते बरे झाले. तिचा तुला आशीर्वाद, आणि टॉवेल आता नको असा निरोप. तू जेवत जा. जी माया आहे ती कारखान्यात सगळी संपवू नकोस, थोडी आमच्याकरता ठेव.

तुझा,
दादा

ता. क. वरचे सगळे आत्याला वाचून दाखवायचे होते, म्हणून जरा हसत लिहिले. आता ती जेवून झोपली आहे आणि मी दर थोड्या वेळाने दाराशी जाऊन तिचा श्वास ऐकून येतो.

तू करायचे ते केलेस. पण ज्यांनी तुझी पहिली सूचना वाचली आणि शहाणपणाने फाडून टाकली, ते आता आपला पत्ता उघडून कशाला बघतील? त्यांच्या दृष्टीने विषय संपला आहे. माझी ओळ त्यांना पाठ आहे. आजही कुठेतरी कोणीतरी तीच ओळ घरच्यांना सांगून, निर्धास्तपणे बाथरूमचे दार लावून घेत असेल. आत्याचा सिलिंडर घराबाहेर होता, आणि तिने मला पत्र लिहिले होते. बाकीच्यांचे सिलिंडर कुठे आहेत मला माहीत नाही, आणि ते मला पत्रे लिहीत नाहीत. ठिणगे, मला भीती वाटते.